गोदावरीपलीकडचे बेथेल

गेवराई सोडून शहागडला गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा मागे पडतो आणि जालना जिल्हा लागतो. सीमा आहे ती महसूल खात्याची. दोन्ही काठांवर पीक तेच, बोली तीच, सोयरीक दोन्हीकडची, आणि गावाबाहेरची वस्तीही दोन्हीकडे तशीच बाहेर. सत्तेचा इतिहाससुद्धा एकच. याच काठावर राक्षसभुवनला १७६३ साली थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला, तरी मुलूख पुढे निजामाच्याच अमलात राहिला, तो १९४८च्या सप्टेंबरपर्यंत. एकोणिसाव्या शतकात जालन्याला इंग्रजी फौजेची छावणी होती आणि अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला, हैदराबाद कंटिंजंटचे घोडदळ.

या मुलखात १८६०च्या दशकाच्या आरंभी एक ख्रिस्ती उपदेशक येऊन राहिला. जन्माने ब्राह्मण, मुंबईत शिकलेला, इंग्रजीवर उत्तम प्रभुत्व असलेला. तो आला आणि मांगवाड्यात गेला. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे त्याचे नाव. मराठी वाचकाला ते भेटतात बहुधा बाळशास्त्री जांभेकरांच्या चरित्रात, एखाद्या ओळीपुरते, आणि तेही धाकट्या भावाच्या निमित्ताने. पुढची जवळजवळ तीस वर्षे ते जालन्याच्या परिसरात काय करत होते, हे आपल्या वाचनात फारसे येत नाही. मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासातली ही मोठी उणीव आहे असे मला वाटते.

गोष्ट सुरू होते मुंबईत. रॉबर्ट नेस्बिट १८२७ साली आणि जॉन विल्सन १८२९ साली स्कॉटलंडहून आले. दोघेही मराठी शिकले. नेस्बिट यांचे मराठी इतके स्वच्छ होते की त्या काळच्या परदेशी लोकांत त्याला तोड नव्हती, असे त्यांचे समकालीन सांगत. विल्सन यांच्या शाळेत उच्च जातींची मुले येत ती इंग्रजीसाठी. पालकांना बायबलचा तास नको असे, पण इंग्रजी हवी असे, आणि एकाशिवाय दुसरे मिळत नसे. हा सौदा १८३९ साली पहिल्यांदा अंगावर आला. धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण मुंबईच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. धनजीभाई स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याइतके जाणते आहेत असे ठरले आणि त्यांना मोकळे सोडण्यात आले. पारशांनी शाळेतून मुले काढून घेतली. वर्ग ओस पडले.

चार वर्षांनी तेच वादळ ब्राह्मणवस्तीत शिरले. १८४३ हे वर्ष मिशनसाठीही अस्थैर्याचे होते. त्याच मे महिन्यात स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली होती. पाळक नेमण्याचा हक्क जमीनदाराचा की मंडळीचा, या प्रश्नावर शेकडो पाळक सरकारमान्य चर्च, पगार आणि घरे सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापन केले. मुंबईत विल्सन आणि नेस्बिट त्यांच्याच बाजूने गेले, म्हणून त्यांना मिशनची इमारत सोडावी लागली. नारायण शेषाद्रींनी त्या सप्टेंबरात बाप्तिस्मा घेतला तो अशा मिशनच्या हातून. स्वतःची मंडळी स्वतःच्या बळावर चालली पाहिजे, पाळकाने कुणा धनवंताच्या मेहेरबानीवर उभे राहू नये, हा फ्री चर्चचा मूळ आग्रह होता. तो नारायणरावांच्या पुढच्या कामात ठायीठायी दिसतो आणि तिथेच त्यांची सर्वांत मोठी अडचणही दिसते.

नारायण विशीच्या पुढचे, सज्ञान होते. त्यांच्या बाबतीत कायद्याला करण्यासारखे काही नव्हते. पण त्यांच्याबरोबर श्रीपत हा धाकटा भाऊही मिशनच्या आश्रयाला गेला होता. वय बाराच्या आसपास. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, मात्र तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता, जेवला होता. वडिलांनी सर्वोच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. न्यायमूर्ती सर एर्स्किन पेरी यांनी निकाल दिला की अल्पवयीन मुलाचा ताबा बापाचा, मुलाच्या इच्छेचा प्रश्न येत नाही. श्रीपत घरी जायला तयार नव्हता. त्याला जावे लागले.

आणि घरी गेल्यावर घर उघडेना. ज्या समाजाने मुलगा परत मिळावा म्हणून आकांत केला, त्याच समाजाने तो परत मिळताच विचारले की याला पंक्तीत घ्यायचे कसे? म्लेंच्छाच्या घरचे अन्न पोटात गेलेला मुलगा प्रायश्चित्ताने शुद्ध होतो की नाही, यावर मुंबईपुण्याच्या शास्त्रीमंडळींत तट पडले. बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूने उभे राहिले. ‘दर्पण’ काढणारा, एल्फिन्स्टन संस्थेत गणित आणि ज्योतिष शिकवणारा हा तिशीतला विद्वान शास्त्रार्थ काढून सांगत होता की लहान वयात, अजाणतेपणी झालेल्या दोषाला प्रायश्चित्त आहे आणि परतीचा रस्ता धर्मानेच ठेवला आहे. जगन्नाथ शंकरशेट यांचा त्यांना पाठिंबा होता. श्रीपतला प्रायश्चित्त देण्यात आले, तरी सनातन्यांनी ते मानले नाही, आणि बाळशास्त्रींनाच बहिष्काराची झळ सोसावी लागली. तीन वर्षांत, १८४६च्या मे महिन्यात, ते वारले.

या प्रकरणाकडे आपण सहसा बाळशास्त्रींच्या धैर्याची कथा म्हणून पाहतो, आणि ती तशी आहेच. पण त्यातून नारायण शेषाद्रींच्या पुढच्या आयुष्याचाही उलगडा होतो. जातीचे दार बाहेर जाताना एका क्षणात उघडते आणि आत येताना पोरालाही उघडत नाही, हे त्यांनी सख्ख्या भावाच्या बाबतीत पाहिले. जी गोष्ट एका ब्राह्मण मुलाला वर्ष-दोन वर्षे भोगावी लागली ती गावकुसाबाहेरच्या माणसाला जन्मभर, पिढ्यान्‌पिढ्या भोगावी लागते. या दोन अनुभवांना जोडणारी रेघ त्यांनी स्वतः कुठे शब्दांत ओढली असेल-नसेल, त्यांच्या कामाने ती ओढली.

मुंबईची वर्षे मी इथे थोडक्यात सांगतो. ते मिशनच्या शाळेत शिकवू लागले, रस्त्यावर आणि सभागृहात उपदेश करू लागले, १८५०च्या दशकात त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे बाबा पदमनजी याच शाळेचे विद्यार्थी, आणि त्यांच्यावर प्रभाव पडलेल्या माणसांत नारायण शेषाद्री होते. त्या काळचा धर्मप्रचार बराचसा वादविवादाचा होता. वेद की बायबल, पुनर्जन्म की पुनरुत्थान, अशा प्रश्नांवर दोन्हीकडचे विद्वान भिडत, श्रोते जमत, छापखाने पुस्तिका काढत. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारींनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी केलेले वाद गाजले. अशा वादांत इंग्रजी शिकलेला, शास्त्रे ऐकत वाढलेला ब्राह्मण ख्रिस्ती मिशनला सोन्याहून मोलाचा होता. नारायणराव शहरातच राहिले असते तर त्यांना कीर्ती कमी पडली नसती.

ते जालन्याला गेले.

‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपल्याकडे आजही ऐकू येते. कापसाची आणि धान्याची मोठी पेठ, छावणीमुळे वाढलेला व्यापार, हैदराबाद संस्थानाच्या मराठी भागातले भरभराटीचे गाव. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. पण मोंढ्यातला पैसा मांगवाड्यात पोचत नव्हता. दोर वळणे, केरसुण्या बांधणे, लग्नकार्यात आणि देवाच्या पुढे हलगी-सनई वाजवणे, ग्रहण सुटताना दान मागणे, ही मांगांची ठरलेली कामे. मोबदल्यात खळ्यावर मिळेल ते बलुते. पाणी दुसऱ्याच्या हातून, रस्ता दुसऱ्याच्या सवडीने. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुलीने १८५५ साली ‘ज्ञानोदया’त निबंध लिहून विचारले होते की आम्हांला वेद वाचण्याचा अधिकार नाही, तर आमचा धर्म कोणता? निबंध ख्रिस्ती नियतकालिकात छापला गेला, त्यामुळे हा प्रश्न मिशनच्या लोकांपर्यंत पोचलेला होता.

नारायणरावांच्या उपदेशाला जालन्याकडे सर्वांत मोठा प्रतिसाद मिळाला तो याच समाजातून. इथे एक व्यवहाराची गाठ होती, आणि ती समजल्याशिवाय त्यांची शिकवण समजत नाही. मांग माणसाने बाप्तिस्मा घेतला की तो देवापुढे हलगी वाजवणार नाही, ग्रहणाचे दान मागणार नाही. हलगी थांबली की बलुते थांबते. गाव म्हणणार, काम करत नाहीस तर खळ्यावर येऊ नकोस. ब्राह्मणाचा बाप्तिस्मा झाला तर त्याला वारसा आणि नातीगोती गमवावी लागत, पण इंग्रजी येत असल्यामुळे शाळेत किंवा कचेरीत नोकरी मिळे. मांगाला दुसऱ्या दिवसाची भाकर गमवावी लागे. शिवाय कंपनी सरकारने १८५० साली कायदा करून धर्मांतरिताचा वारसाहक्क राखला होता, तो इंग्रजी मुलखापुरता. निजामाच्या राज्यात ते छत्र नव्हते. राखण्यासारखा वारसा मांगाकडे नव्हता ही गोष्ट वेगळीच.

तेव्हा उपदेश कितीही रसाळ असो, प्रश्न जमिनीचा होता. आणि जमीन राज्याची होती.

हैदराबादचे दिवाण होते पहिले सालारजंग. १८५३ साली चोविसाव्या वर्षी दिवाण झालेला हा माणूस कर्जात बुडालेल्या संस्थानाची घडी बसवत होता. मक्तेदारांच्या हातातली वसुली काढून त्यांनी जिल्हे आखले, पगारी अंमलदार नेमले. पडीक जमीन लागवडीखाली आणणाऱ्याला काही वर्षे सारा माफ करायचा आणि मग हळूहळू चढता घ्यायचा, ही कौल-इस्ताव्याची पद्धत दख्खनमध्ये जुनीच होती. नारायणराव सालारजंगांकडे गेले आणि जालन्याजवळ सुमारे ८०० एकर जमीन, काही काळाच्या सारामाफीसह, मिळवून आले. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. मुसलमान राज्याचा शिया दिवाण, ब्राह्मणकुळात जन्मलेल्या ख्रिस्ती पाळकाला, प्रामुख्याने मांगांच्या वस्तीसाठी जमीन देतो. धर्मांच्या इतिहासात भांडणे नोंदली जातात तितक्या तत्परतेने असे कागद वाचले जात नाहीत. सालारजंगांना त्यात लागवड आणि शिस्तीची रयत दिसली असेल, ख्रिस्ती धर्माचे त्यांना कौतुक असण्याचे कारण नव्हते. तरीही त्यांनी ‘नाही’ म्हटले नाही.

त्या जमिनीवर जे गाव वसले त्याचे नाव बेथेल. नाव बायबलमधले, याकोबाला स्वप्नात स्वर्गाची शिडी दिसली त्या ठिकाणाचे. चर्च, शाळा, विहिरी, घरे, भोवती शेती. नारायण शेषाद्रींची पाळक म्हणून जी शिकवण होती ती या मांडणीत वाचता येते. विहीर सगळ्यांची, म्हणजे ‘पाणी वाढा’ म्हणून कुणाची वाट पाहणे संपले. शाळा चर्चच्या जोडीला, कारण प्रोटेस्टंट मंडळीत शास्त्र ऐकून भागत नाही, प्रत्येकाने ते स्वतः वाचायचे असते. ज्या घरात अक्षर शिरले नव्हते तिथे बाई, बाप्या, पोर यांनी स्वतः वाचावे ही अपेक्षा धर्माचाच भाग झाली. बाप्तिस्म्याआधी प्रश्नोत्तरे शिकायची, दहा आज्ञा पाठ करायच्या, त्या आचरणात आहेत का हे मंडळीने पाहायचे. प्रेस्बिटेरियन पद्धतीत पाळक एकटा कारभार करत नाही, मंडळीतून निवडलेले वडील त्याच्या शेजारी बसतात. गावच्या चावडीसमोर ज्याला उभे राहायचीही मुभा नव्हती, त्याला मंडळीच्या कारभारात बसता येईल अशी ही रचना होती.

आणि प्रभुभोजन. एक भाकर मोडून सगळ्यांनी खायची, एका प्याल्यातून सगळ्यांनी प्यायचे. पाळकाने द्यायचे आणि स्वतःही घ्यायचे. वीस वर्षांपूर्वी मुंबईत मिशनऱ्याच्या घरी जेवल्याच्या दोषावरून एका मुलाचे घर बंद झाले होते. त्या मुलाचा थोरला भाऊ आता मांगांबरोबर एका भाकरीचा वाटेकरी होता. या कृतीपुढे किनाऱ्यावरचे सगळे वादविवाद मला फिके वाटतात. त्या काळच्या ख्रिस्ती मंडळ्यांतही जात सहज जात नव्हती. दक्षिणेत कित्येक ठिकाणी चर्चमध्ये बसण्याच्या जागा वेगळ्या होत्या, प्याल्यावरून तंटे होत होते. फ्री चर्चच्या मिशनने या बाबतीत कडक भूमिका घेतली, आणि वरच्या जातीतून आलेला पाळक ती स्वतः पाळत असेल तर तिला वजन येते.

ऑक्टोबर १८७३ मध्ये न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी परिषद भरली. युरोप-अमेरिकेतले नामवंत प्रोटेस्टंट धर्मशास्त्री जमले होते. त्यांत पागोटे आणि भारतीय पोशाख घातलेले नारायण शेषाद्री उभे राहिले आणि अस्खलित इंग्रजीत बोलले. वृत्तपत्रांनी त्यांची दखल घेतली, चित्रे छापली, ठिकठिकाणच्या चर्चमधून बोलावणी आली. विवेकानंद शिकागोला बोलले त्याच्या वीस वर्षे आधीची ही गोष्ट. श्रोत्यांना पूर्वेकडचा पेहराव आणि शुद्ध इंग्रजी यांचे अप्रूप वाटले असणार, पण ज्यांच्याविषयी ते बोलत होते ती माणसे त्यांच्या रोजच्या परिचयातली होती. पुढेही त्यांच्या पश्चिमेकडे फेऱ्या झाल्या, त्यांना सन्माननीय डॉक्टरेट मिळाली.

इथे मला एक आक्षेप नोंदवायचा आहे, आणि तो नारायणरावांविषयीच्या आदरातूनच येतो. बेथेलची जमीन एका माणसाच्या शब्दावर मिळाली होती. पैसा बराचसा एका माणसाच्या ओळखीवर, समुद्रापलीकडून येत होता. स्वावलंबी मंडळी हे फ्री चर्चचे ध्येय, पण कोरडवाहू जमिनीवर नव्याने बसलेली, बैल-अवजारांपासून सुरुवात करणारी कुटुंबे पाळकाला पोसणार कशी? १८७६ ते १८७८चा दुष्काळ सगळ्या दख्खनला उपाशी ठेवून गेला. खळे भरलेल्या गावाचीही जिथे दैना झाली, तिथे नव्या वस्तीचे हाल वेगळे सांगायला नकोत. शिवाय नेतृत्व ब्राह्मणकुळातल्या पाळकाचे आणि मंडळी मांगांची, हा उंबरठा बाप्तिस्म्याने पुसला असला तरी शिक्षणाने आणि संबंधांनी पुन्हा आखला जात होता. दिवाणाशी कोण बोलणार? न्यूयॉर्कला कोण जाणार? या प्रश्नांची उत्तरे ठरलेली होती. मंडळीतून मंडळीचाच पाळक उभा राहण्यासाठी आणखी एक-दोन पिढ्या जाव्या लागणार होत्या. त्यासाठी लागणारी शाळा मात्र बेथेलात पहिल्यापासून होती, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे.

नारायण शेषाद्री १८९१ साली, अमेरिकेकडून परतताना जहाजावर वारले. जालन्याला रेल्वे आली ती त्यानंतर नऊ वर्षांनी. त्याच १९०० साली स्कॉटलंडमधले फ्री चर्च दुसऱ्या एका चर्चमध्ये मिसळून युनायटेड फ्री चर्च झाले. १९२९ साली ते बहुतांशी पुन्हा चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये सामील झाले, म्हणजे १८४३ची फूट बरीचशी सांधली गेली. भारतात १९७० साली अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया बनले आणि आज छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, त्याच्या मराठवाडा धर्मप्रांताचे केंद्र आहे. जालन्याचे मिशन हॉस्पिटल मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना माहीत आहे. तिथे उपचार घेतलेल्यांतल्या किती जणांनी नारायण शेषाद्रींचे नाव ऐकले असेल?

स्कॉटिश मिशनचे जुने दप्तर एडिंबरोच्या नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये आहे. मिशनरी कारभाराची पद्धत अशी की वर्षाचा अहवाल जातो, पत्रे जातात, पैशाचा हिशेब जातो. सालारजंगांच्या कारभाराची कागदपत्रे हैदराबादला आहेत. या दोन दप्तरांच्या मधोमध जालना, अंबड आणि गोदाकाठची गावे आहेत, आणि ज्या कुटुंबांनी हलगी खाली ठेवून पडीक रानात पहिली नांगरट केली त्यांची नावे. मराठी, फारसी आणि इंग्रजी तिन्ही वाचू शकणाऱ्या मराठवाड्यातल्या एखाद्या तरुण अभ्यासकाने हे काम हाती घ्यावे. त्या घराण्यांच्या आजच्या पिढीकडे तोंडी आठवणी असतील, त्याही आधी टिपून ठेवाव्यात. दप्तरे थांबू शकतात, आजी-आजोबा थांबू शकत नाहीत.